काचेवरचा कणा

१

"वाक गं पोरी, वाक जराशी, बोंड मातीला टेकलं,
उभ्या उभ्यानं कुणाचं बाई पोतं कापसाचं भरलं?"

आईचा हा आवाज मुकर्रमने ऐकला त्याला आता एक आयुष्य लोटलं होतं. कोकंद शहराच्या बाहेरचं कापसाचं रान, सरींवर सांडलेलं धुकं, आणि पुढच्या सरीत मागे वळूनही न बघता गाणारी आई. आई वाकली ती वाकलीच. गेली तेव्हा न्हाऊ घालणाऱ्या बायकांना तिला सरळ निजवता येईना. शेवटी त्यांनी तिच्या कंबरेखाली कापसाचीच उशी सरकवली.

दुखऱ्या पाठीच्या इस्पितळात काचबंद व्हरांड्यात उभी राहून मुकर्रम चहा पीत होती, आणि का कोण जाणे, आज तो आवाज पुन्हा कानात घुमत होता. तेवढ्यात त्याच्यावर दुसरा आवाज चढला.

"चोरी! अल्ला, माझं घर बुडालं! चोरी झाली हो!"

किंकाळी खोसियतची होती. खोसियत म्हणजे वॉर्डातली मोठी नर्स. अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ, पण हाताने लोण्यासारखी. मुकर्रमने भिंतीचा आधार घेत घेत पावलं उचलली. व्हरांड्याच्या दारातून बाहेर पडलं की लगेच बोळ, आणि बोळात औषधांचं लोखंडी कपाट. त्याचं दार नीट लोटलेलं होतं, पण कुलूप उघडं. वरच्या फळीवरचं फोडलेलं पाकीट गायब. त्यात होत्या त्या कडक गोळ्या, ज्या माणसाची वेदना झोपवतात आणि ज्यांची चोरी झाली की पोलीस दारात येतात.

आणि कपाटासमोर फरशीवर, अगदी मधोमध, पडलेली किल्ली.

"किल्ली कुणाच्या ताब्यात असते?" डॉक्टर मुरोदनी विचारलं. उंच, शिडशिडीत माणूस. त्यांच्या हातात अजून एक्स-रेची फिल्म होती.

"माझ्या गळ्यात, डॉक्टर. तुम्हाला काय ठाऊक नाही?"

"मग खाली कशी आली?"

खोसियतने रिकामा गळा चाचपला. "चहा ओतताना ती पियाल्यात बुडते, म्हणून समोवारापाशी खिळ्याला लावते. दर गुरुवारी लावते. सगळं इस्पितळ बघतं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "संध्याकाळच्या नमाजापर्यंत मला कळवावंच लागेल, खोसियत. नाहीतर मीही आत जाईन." मग ते मुकर्रमकडे वळले; तिला इथे सगळे ओपा, म्हणजे ताई, म्हणत. "मुकर्रम ओपा, सरकारी वकिलांच्या कचेरीत तुम्ही जन्मभर हेच केलंत. जरा बघता का?"

"तपास सुटला, डॉक्टर. त्याने दिलेली पाठ तेवढी राहिली," मुकर्रम म्हणाली. पण तिची नजर फरशीवरच होती. खोसियत किल्ली उचलायला वाकली तसं तिने हात आडवा धरला.

"थांब. आधी मला सांग, दार इतकं हळू लोटून घेणाऱ्या चोराने ही किल्ली का नाही उचलली?"

२

गुरुवार म्हणजे नान-रोटीचा दिवस.

त्या दिवशी अब्दुवली ओता, म्हणजे सगळ्यांचे बाबा, टोपलीभर गरम नान घेऊन यायचे. शहरातले नावाजलेले भटियारे. तंदूरात कंबरेपर्यंत वाकून नान थापण्यात त्यांचा जन्म गेला आणि पाठीचा चुरा झाला. डॉक्टर मुरोदनी त्यांचे मणके स्क्रू मारून एकमेकांना जोडले. ते या इस्पितळातलं पहिलंच तसलं ऑपरेशन. तेव्हापासून ओता दर गुरुवारी यायचे, दिवसभर थांबायचे, आणि ज्यांची ऑपरेशनं व्हायची होती त्यांच्या खाटांपाशी उभे राहून बोलायचे. मुकर्रमपाशीही ते उभे राहिले होते.

"मी मेलेला होतो, पोरी," ते म्हणाले होते. "त्या पोराने मला उठवलं. भिऊ नकोस."

त्या एका वाक्यावर मुकर्रमने होकार दिला होता. तोवर तिने सगळं करून पाहिलं होतं: सुया, लेप, गरम वाळू, तऱ्हेतऱ्हेचे मालिशवाले. रात्री कूस बदलायची तर भिंतीला हात लावून रडावं लागे. जोडे मुलगी घालून द्यायची. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन होतं, आणि त्याच्यापलीकडे तिच्यापाशी काहीच उरलेलं नव्हतं. ही शेवटची काठी. ती मोडली की आडवंच पडायचं.

आजही, चोरी कळायच्या आधी, दर गुरुवारसारखंच झालं. व्हरांड्यात लाकडी चौथऱ्यावर चादर अंथरली गेली, नान मोडले गेले. ज्यांना बसवत होतं ते बसले, बाकीचे पियाले घेऊन उभे. आतल्या टोकाला, खिडकीपाशी, मानाची जागा. तिथे बसायला सगळ्यांनी ओतांना हात धरून ओढलं आणि ते नेहमीसारखे हसून दाराजवळच्या कडेला टेकले, पाय खाली सोडून.

"केवढी ही नम्रता!" कुणीतरी म्हणालं. "एवढा मोठा माणूस, आणि जोड्यांपाशी बसतो."

मग डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. ऊन तिच्यातून आरपार आलं. ओतांचा कणा काचेवर उजळला. पांढरे मणके, त्यांत काळजीने बसवलेले स्क्रू, आणि मधे भरून आलेलं हाड.

"बघा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "दगडासारखं जुळलंय. कसं काय, ओता?"

"छान, बाळा, छान," दाराजवळून उत्तर आलं.

सगळ्यांची तोंडं खिडकीकडे होती. मुकर्रमने तर डोळ्यांत प्राण आणून ती फिल्म पाहिली होती. उद्या आपलाही कणा असाच उजळेल.

आता ती खोसियतसमोर औषधांच्या खोलीत उभी होती.

"खरं बोल. गोळ्या तू कुणाला देत होतीस?"

"कुणाला म्हणजे? ज्याच्या नावावर असतील त्याला!"

"खोसियत, मी दाढीवाले खुनी रडवलेत. तू कशाला उगाच वेळ घालवतेस?"

खोसियतने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "ओयनिसाला देत होते. जास्तीची एखादी. डॉक्टर म्हणतात, तिचं हाड जुळलंय, आता गोळी लागता कामा नये. हाडाला काय कळतं, ओपा? रात्रभर ती उशी चावते. मला बघवत नाही. पण पाकीट मी नाही नेलं. आईच्या दुधाची शपथ."

"हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं तर संध्याकाळपर्यंतही थांबायचे नाहीत ते."

हे पोलिसांना कळलं तर दुसरा चोर शोधायला कुणी येणार नव्हतं.

३

भूल देणारा संजर अंगणात सिगारेट विझवत होता. तरुण, चटपटीत, आणि रशियाला जायच्या तयारीत.

"या, ओपा, या. माझीच पाळी ना? परदेशी निघालेला पोरगा, हाताशी औषधं. मी असतो तर मलाच धरलं असतं."

"मग धरू?"

"धरा. पण एक सांगा, त्या कपाटाच्या खालच्या खणात सीलबंद खोकी आहेत. भरलेली. खण कधीच कुलपात नसतो; दार उघडलं की झालं. विकायला न्यायचं तर मी खोकी नेईन की ते अर्धं फोडलेलं पाकीट? चोरी करायची आणि तीही भिकाऱ्यासारखी?" तो हसला. "चोराला खाली बघायची लाज वाटली वाटतं."

मुकर्रम हसली नाही. "खालच्या खणाला हातही नाही लावला?"

"धूळसुद्धा हलली नाही. मी स्वतः पाहिलं."

"आणि तू तेव्हा कुठे होतास?"

"तुमच्या शेजारी! तुम्ही माझ्या बाहीला धरून उभ्या होतात. विसरलात? त्या फिल्मकडे बघताना तुमची नखं रुतली माझ्या हातात." त्याने बाही वर करून दाखवली. मग आवाज उतरवला. "ओपा, उद्या तुम्हाला झोपवणारा मीच. आता सांगून टाकतो, मी असतो तर आणखी एकदा विचार केला असता."

"का?"

"मी झोपवतो तेवढं. जागे झाल्यावर काय होतं ते बघायला मी कधी थांबलोच नाही." आणि तो जोडे घासत निघून गेला.

ओयनिसाची खोली कपाटाच्या अगदी समोर होती. कापूस वेचणारी बाई, वय फारसं नव्हतं, पण चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. तिच्या मणक्यांवर एकदा ऑपरेशन झालं, मग स्क्रू बदलायला दुसऱ्यांदा. ती छताकडे बघत पडलेली असे. उठून बसवायला दोन बायका लागत.

"मी चोरल्या म्हणून आलात?" ती म्हणाली. "चोरता आल्या असत्या तर देवाचे आभार मानले असते, की बाई, निदान चालता तरी आलं."

"दार उघडं होतं तुझं. काय ऐकलंस?"

"पावलं ऐकली. हळू, फरशीवरून ओढत आल्यासारखी. मग किल्ली फिरली. मग ठण्ण. पडली."

"मग पळाला?"

"कुठला पळतोय! उभा राहिला. किती वेळ उभा राहिला, ओपा! जसं काही त्या किल्लीशी बोलत होता. मग एक श्वास घेतला." ओयनिसाने दात आवळून, नाकाने, तुटक तुटक हवा आत ओढली. "असा. मी म्हटलं, माझाच श्वास बाहेर कोण घेतंय? मग दार लोटलं आणि गेला."

 तो श्वास मुकर्रमलाही पाठ होता. पलंगावरून पाय खाली सोडताना ती रोज तसाच घ्यायची.

"ओयनिसा, तुझं दुखणं कधी थांबलंच नाही?"

"पहिलं नाही, दुसरं तर मुळीच नाही. आता पायातही उतरतं."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

ओयनिसा पहिल्यांदाच तिच्याकडे वळली, फक्त डोळ्यांनी. "दर हिवाळ्यात डॉक्टर आम्हा सगळ्या ऑपरेशनवाल्यांना घरी बोलावतात. पुलाव करतात. स्वतःच्या हाताने ताटात वाढतात, स्वतःच्या हाताने चहा ओततात, आणि मग सगळ्यांसमोर विचारतात: पाठी कशा आहेत? बरं वाटतंय ना? ताटावर बसून यजमानाला नाही म्हणायचं? त्याच्या आईसमोर, त्याच्या मुलांसमोर? सगळे हात वर करतात, दुवा देतात. मीही केला. शेजारच्या बाईने माझं कोपर खालून धरलं होतं, तेव्हा कुठे तो वर गेला."

"सगळ्यांचे हात असेच गेले?"

"दुसऱ्यांचं मला काय ठाऊक! ताटावर एकमेकींकडे बघायची आमची हिंमत झाली नाही."

४

मुकर्रम बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. डोकं आपोआप जुन्या वाटेला लागलं. या वेळी मात्र तिला स्वतःच्या डोक्याचं भय वाटलं.

चोराला घाई नव्हती. दार अलगद लोटलेलं. तरी समोर पडलेली किल्ली त्याने उचलली नाही. ती उचलून खिळ्याला लावली असती तर चोरी दोन दिवस कळलीही नसती. खालच्या खणातली भरलेली खोकी सोडून त्याने छातीच्या उंचीवरचं फोडलेलं पाकीट नेलं. म्हणजे त्याला खालचं काही नको होतं असं नाही. त्याला खाली जाता येत नव्हतं.

वाकता न येणारा चोर. या इस्पितळात असा कोण नाही? पण वॉर्डातले सगळे तेव्हा खिडकीपाशी होते, खांद्याला खांदा लावून. ओयनिसा उठू शकत नाही. राहिले ते ज्यांना वाकता येतं: नर्सा, संजर, डॉक्टर. आणि राहिला एक जण, ज्याला वाकता येतं असं सगळ्यांनी मानलेलं होतं.

सगळे एकाच कण्याकडे बघत होते, तेव्हा त्या कण्याचा मालक सगळ्यांच्या पाठीमागे, दाराशी होता. समोवारापाशी. खिळ्यापाशी.

"नाही," मुकर्रम मोठ्याने म्हणाली. बोळात कुणीच नव्हतं.

तिने ते ढकलून द्यायचा प्रयत्न केला. खोसियतनेच नेल्या असतील. संजरने नेल्या असतील. कुणीही चालेल, तेवढा एक माणूस नको. कारण तो चोर असेल तर त्याला गोळ्या लागतात, आणि त्याला गोळ्या लागत असतील तर उद्याची सकाळ कशासाठी?

खोसियत दारात आली. तिने चादरी घडी करून छातीशी धरल्या होत्या. "ओपा, काही कळलं? माझ्या सुनेला निरोप देऊ का, मुलांना घेऊन येऊ नको म्हणून?"

मुकर्रमने तिच्याकडे पाहिलं. मग व्हरांड्यातल्या टोपलीतून नानाचा एक तुकडा घेतला आणि अंगणाकडे निघाली.

अब्दुवली ओता तुतीच्या झाडाला पाठ लावून उभे होते. बाजूला बाक रिकामा होता. पानं पिवळी पडून त्यांच्या टोपीवर उतरत होती.

"ये, पोरी. उद्याची भीती वाटते का?"

"वाटते, ओता." तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला. भटियाऱ्यांच्या भुवया कधी वाढत नाहीत. तंदूरची झळ त्या रोज चाटून नेते. ओतांच्या भुवया दाट, पांढऱ्या, डोळ्यांवर लोंबत होत्या. "आजचे नान कुणी थापले?"

"मीच. दुसरं कोण?"

मुकर्रमने हात पुढे केला आणि बोटं सैल सोडली.

नानाचा तुकडा मातीत पडला.

या मुलखात लहान मूलसुद्धा मातीतला नान तसाच पडू देत नाही. धावत जाऊन उचलतं, ओठांना लावतं, कपाळाला लावतं, उंच जागी ठेवतं. मुकर्रमने तो मुद्दाम पाडला होता, आणि तिचं काळीज त्या तुकड्यासोबत मातीत पडलं होतं.

अब्दुवली ओतांनी खाली पाहिलं. त्यांचा हात पुढे सरकला. दुसरा झाडाच्या सालीत रुतला. ते थोडेसे झुकले, आणि तोच श्वास आला, दात आवळून, तुटक तुटक. ते तिथेच थांबले. न खाली, न वर.

५

"उचल, पोरी," ते शेवटी म्हणाले. "पाया पडतो. तो तसा पडू देऊ नकोस."

मुकर्रम आधी एका गुडघ्यावर उतरली, मग दुसऱ्या. पाठीतून आगीची वात गेली. तिने तुकडा उचलला, ओठांना लावला, आणि झाडाला धरून, रडत, वर आली. तुकडा तिने तुतीच्या बेचक्यात ठेवला. दोघंही धापा टाकत उभी राहिली.

"माफ करा, ओता. मी नान पाडला."

"मी त्याहून वाईट केलंय." त्यांनी कोटाच्या आत हात घातला आणि फोडलेलं पाकीट बाहेर काढलं. "नान सून थापते. मी टोपली धरतो. तंदूरात वाकलो नाही मी, ऑपरेशन झाल्यापासून एकदाही नाही."

"पहिल्यापासून दुखतंय?"

"आधी दुखत होतं ते निदान माझं होतं, ओळखीचं. आता तिथे लोखंड आहे. थंडीत ते माझ्याआधी जागं होतं." ते हसायला गेले. "मी दाराशी बसतो तर म्हणतात, केवढी नम्रता! आत सरकलो तर मांडी घालावी लागेल, बाई. आणि मग उठवणार कोण?"

"मग मला का सांगितलंत? खाटेपाशी उभं राहून? मी तुमच्या शब्दावर होकार दिला, ओता. तुमच्या शब्दावर!"

ओतांनी डोळे पुसले नाहीत. "मुरोदचा बाप लहानपणी गेला. माझ्या भट्टीवरचा नान खाऊन शिकला तो. पहिलं ऑपरेशन कुणावर करू, कुणी तयार नाही म्हणाला, तेव्हा मीच म्हटलं, माझ्यावर कर. शुद्धीवर आलो तर तो खाटेपाशी बसून रडत होता. आनंदाने. म्हणाला, ओता, बरं वाटतंय ना? मी काय म्हणायला हवं होतं?"

मुकर्रमने त्यांच्या टोपीवरचं पिवळं पान काढलं.

"एकदा छान म्हटलं की पुढच्या वेळी नाही कसं म्हणणार? मग त्याने दुसऱ्याला आणलं, माझ्याकडे बोट दाखवलं. मग तिसऱ्याला. आता माझ्या एका शब्दावर किती माणसं त्या टेबलावर गेलीत! काही खरंच बरी झाली, पोरी. त्यातल्या दोघी चालत येतात मला भेटायला. म्हणून मी मनाला सांगत होतो, आणखी एक बरी होईल. तू होशील."

"खोसियत तुरुंगात जाईल."

"ठाऊक आहे. सकाळपासून इथे उभा आहे तो त्याचसाठी. जायला पाय उचलत नाही." त्यांनी पाकीट तिच्यापुढे धरलं. "तू नेऊन दे. म्हण, बोळात सापडलं. नर्स सुटेल, पोराचं मन राहील."

मुकर्रमचा हात पुढे गेला. तिला मोह झाला, तो खोसियतसाठी नव्हता. पाकीट सापडलं म्हणायचं, काही ऐकलंच नाही असं धरायचं, आणि उद्या सकाळी डोळे मिटून टेबलावर चढायचं. आशा ठेवून.

तिने हात मागे घेतला.

"नाही, ओता. हे तुम्हालाच न्यावं लागेल. चला, मी तुमच्यासोबत येते. दोघंही सारखेच पांगळे."

६

व्हरांडा रिकामा झाला होता. चादर उचललेली, समोवार गार. डॉक्टर मुरोद खिडकीपाशी उभे होते. पोलिसांना काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करत असावेत. ओतांना पाहून त्यांचा चेहरा नेहमीसारखा उजळला.

"या, ओता! अजून इथेच? पाठ कशी आहे?"

सवयीने आलेला प्रश्न. मुकर्रमला ओतांच्या ओठांवर ते सवयीचं उत्तर तयार होताना दिसलं. मग त्यांनी पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"दुखते, बाळा."

डॉक्टर हसले, जणू थट्टाच ऐकली. मग पाकिटाकडे पाहिलं. मग पुन्हा ओतांकडे.

"किल्ली मीच घेतली. पडली ती उचलता आली नाही. खोसियतला सोड. आणि पाठ दुखते. तू शुद्धीवर आणलंस त्या दिवसापासून दुखते. एक दिवस थांबली नाही."

"पण हाड जुळलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी टेबलावरची फिल्म उचलली, काचेवर धरली. मावळतीचं ऊन तिच्यातून आलं. "हे बघा. जुळलंय! स्क्रू जागचा हललेला नाही. दुखायला काही उरलंच नाही इथे."

"हाडाचं तुझं काम चोख आहे, बाळा. पण मी त्या काचेवर राहत नाही."

फिल्म काचेवर तशीच धरून डॉक्टर वळले. "मग मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी दर गुरुवारी विचारत होतो!"

"विचारत नव्हतास रे. तुला हवं ते माझ्याकडून वदवून घेत होतास." ओतांनी हात वर नेला, डॉक्टरांच्या गालापर्यंत. तो तिथे पोचला नाही, खांद्यावरच थांबला. "चूक माझी. मी तुझं मन राखलं आणि त्यापायी लोकांच्या पाठींचा बळी दिला."

बोळातून खोसियतचं हुंदके देणं ऐकू आलं. ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. मुकर्रमने तिला हाताने जा म्हणून खुणावलं. मग ओतांना दारापर्यंत सोडलं. ते निघून गेले, पावलं ओढत.

आता व्हरांड्यात दोघंच होती.

"सुटलं तुमचं कोडं, ओपा," डॉक्टर म्हणाले. आवाजात कडवटपणा होता, किंवा भीती. "चोर सापडला."

"अर्धं सुटलं." मुकर्रमने खिडकीच्या चौकटीला पाठ टेकली. उभं राहणं आता असह्य होत होतं. "डॉक्टर, साक्षीदार तपासायची एक रीत असते. ज्याला खरं हवं असतं तो एकेकाला बाजूला घेतो, दार लावतो आणि मग विचारतो. चार लोकांत, भरल्या ताटावर, आईला शेजारी बसवून तो विचारत नाही. तुम्ही शिकलेले आहात. हे तुम्हाला कळत नव्हतं असं मला कुणी सांगितलं तर मी ते लिहून घेणार नाही. तुम्ही कुणाला कधी एकट्याने विचारलंत?"

डॉक्टर फिल्मकडे वळले.

"ओयनिसाला?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"ती उशी चावते हे ठाऊक होतं?"

 एक बारीकशी होकाराची मान.

"तिची खोली टाळून तुम्ही दुसऱ्या जिन्याने जाता," मुकर्रम म्हणाली. "मला वाटायचं, घाईत असता."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. डॉक्टरांनी फिल्म काचेवरून काढली आणि पालथी घातली. "काही बरे होतात, ओपा. देवाशपथ, होतात. ओझी उचलतात, नाचतात लग्नात. त्यांना बघून मी पुन्हा हात धुतो आणि आत जातो."

"होत असतील. उद्या सकाळी तुम्ही मला कापणार आहात. मी नाही म्हटलं तरी घरी जाऊन मला त्याच भिंतीला हात लावून रडायचंय, हे मला ठाऊक आहे. दुसरं काही उरलेलं नाही माझ्याकडे. म्हणून विचारते. इथे चादर नाही, चहा नाही, तुमची आई नाही. माझं दुखणं जाईल?"

"तुमची हाडं नक्की जुळतील."

"ते मी विचारलं नाही, मुरोद."

पहिल्यांदाच तिने त्यांना नुसत्या नावाने हाक मारली, धाकट्या भावाला मारावी तशी. ते चौथऱ्याच्या कडेला बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात खाली घेतले आणि तिच्याकडे न बघता बोलले.

"माहीत नाही, ओपा. कुणाचं जाईल, कुणाचं राहील, कुणाचं वाढेल, हे मला आधी कधीच सांगता आलेलं नाही. ओतांना टेबलावर घेतलं त्या दिवशीही माहीत नव्हतं. आजही माहीत नाही."